बंबाचा ठराव आणि आमची गंज

लिंबागणेशजवळून, सोमवार

अमरसिंहरावांना सुंदररावाचा रामराम,

गणपतीच्या कृपेनं आम्ही सगळे धडधाकट. तुमच्या गुडघ्याचं काय? वहिनींना नमस्कार सांगा. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच हसता, आणि मला माझा अपमान सलग सांगायचा हाय.)

तर आमच्या चार गावांत मिळून आगीचा एक बंब हाय. त्याच्यावर वर्षाला किती खर्च करायचा ती मर्यादा ग्रामसभेनं हात वर करून ठरवायची, असा नेम. यंदा वर्ष सरायच्या आतच खर्च मर्यादेला टेकला, बंबात डिझेल न्हाई. म्हणून सरपंच मुक्ताबाईंनी मर्यादा वाढवायचा विषय घेतला. मी म्हणलं, वाढवू देत न्हाई! आपल्या गावात आग लागती कुठं? बंब बारा महिने हळदीच्या मांडवांना पाणी घालत फिरतो (आमच्या सायलीच्या हळदीला आलता, ती गोष्ट वेगळी). घरोघर चहा पिऊन मतं गोळा केली. माझ्या इज्जतीचा सवाल झालता.

सभा शाळेच्या पटांगणात. लोकांकडं तोंड आणि आमच्या शेताकडं पाठ करून मी असं भाषण ठोकलं की विचारू नका. शेवटी म्हणलं, ज्यांना मर्यादा हाय तीच ठेवायची त्यांनी हात वर करा! पहिला हात तुमच्या बहिणीचा. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या बाजूनं हात उचललेला मी पहिल्यांदाच बघितला. खरं सांगतो, डोळे भरून आले. मग काय, हातच हात! मी वाकवाकून आभार मानतोय, ग्रामसेवकानं 'ठराव मंजूर' लिहूनही टाकलं, आणि तुमची बहीण ओरडली, "अहो, हात कसले मोजताय, मागं बघा! आपली गंज पेटलीय!"

बघतो तर वर्षभराच्या कडब्याची गंज धडाडून पेटलेली, आणि शेजारीच गोठा, आत म्हशी बांधलेल्या. पोरं बादल्या घेऊन पळाली. बंबाचा ड्रायव्हर सिदू मात्र जागचा हलेना. म्हणला, "नाना, डिझेलला खर्च लागतो, आन् तुमचा ठराव तर आत्ताच मंजूर झाला." मी टेबलावर चढून बोंबललो, मर्यादा वाढवा! मुक्ताबाई शांतपणे म्हणाल्या, "आधी तुमचा हात, नाना." मी दोन्ही वर केले. (मोजताना धरला एकच.) सगळं गाव हसत हसत हात वर करूनच गोठ्याकडं पळालं. सिदू कॅनभर डिझेल घेऊन आला, बंब सुटला. गोठा वाचला, म्हशी वाचल्या. गंज गेली.

आग कशी लागली, देव जाणे. माझ्या मते गंजीवरून विजेची तार गेलीय, तिचीच ठिणगी पडली असणार.

म्हशी तुमची लई आठवण काढतात.

तुमचा,
सुंदरराव

ता. क. दोन ट्रॉल्या कडबा पाठवून द्या. पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आणखी ता. क. दादा, मी सारजा. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय. कडबा पाठव. सभेला निघायच्या आधी हे गंजीआड बिडी ओढायला गेलते. गंजीवरून तारच जात न्हाई.