फंडाच्या पैशावर माझ्या वारसांचा हक्क नाही

मी, शामला मारोतराव ठवकर, वय एकसष्ट, राहणार पारडी, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. छाती साथ देत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा दुर्गेश पुढे कोर्टात याच्या उलट सांगेल, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. लिहू नये म्हणून मात्र घरात आठवडाभर चालली आहे.

१. पारडीचे दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते मी सून करिष्मा हिला देते. दुर्गेशने तिथे राहावे, जेवावे. घर विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार त्याला नाही.

२. बँकेतले खाते माझ्या एकटीच्या नावाने असले तरी त्यातला एक रुपयाही माझा नाही. आम्ही मिरचीच्या गोदामात देठ खुडणाऱ्या बाया दर चुकाऱ्याला मजुरीतून थोडे थोडे त्यात टाकतो. कोणी आजारी पडली, कोणाच्या घरचे माणूस गेले, की त्यातून मदत जाते. हाच आमचा फंड. आमच्या मंडळाची नोंदणी नव्हती, म्हणून बँकेने एका बाईचे नाव मागितले आणि बायांनी माझे दिले. नॉमिनी म्हणून दुर्गेशला घालायलाही त्यांनीच लावले. "शिकलेला पोरगा हाय, आपल्या माघारी तोच पाहीन," म्हणत त्या दिवशी त्याला पेढा भरवला.

ते नाव मी मागच्या महिन्यात काढून आमच्यातल्याच कांताबाई नेवारे हिचे घातले. त्यावर तो म्हणाला, "आई, तुह्या नावाचा पैसा तुह्याच घरात येईन ना. तू काहून लोकायचा विचार करून राहिली?" लोक! त्याचे वडील धान्याच्या ट्रकवरून पडून गेले तेव्हा व्यापाऱ्याने हार पाठवला. आमची चूल वर्षभर पेटली ती या लोकांच्या पैशावर, आणि त्याची फीसुद्धा त्यांनीच भरली. हे खाते माझ्या मालमत्तेत धरू नये. नोंदणीचा अर्ज दिला आहे. ती झाली की कांताबाईने सगळी रक्कम मंडळाच्या नावावर करावी.

३. दुर्गेशला मी वेगळे काही देत नाही. त्याने आपला वाटा आधीच उचलला आहे. सदर भागात मोबाइलचे दुकान टाकताना त्याने माझ्या कपाटातले एटीएम कार्ड नेले आणि फंड रिकामा केला. त्याच आठवड्यात कांताबाईचा नवरा वारला. आम्ही तिच्या दारात रिकाम्या हाताने उभ्या राहिलो. ती मला म्हणाली, "राहू दे वं शामला, पाहतो मी काही." तिने शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते. मी पोत आणि पाटल्या मोडून फंड भरून काढला, त्यामुळे दागिन्यांचे कलम लिहिण्याचा त्रास वाचला. पण कांताबाईने तेव्हा गोदामाच्या मालकाकडून व्याजाने पैसे घेतले, ते ती अजून फेडते आहे.

४. म्हणून पोस्टातली माझी स्वतःची शिल्लक कांताबाईला द्यावी. ती नको म्हणेल, ऐकू नये.

५. गोदामाच्या मालकाने दर दिवाळीला मला एक स्टीलचा डबा दिला. फंडात तुम्हीही काही टाका म्हटले की त्यांना ऐकू येत नसे. मिरचीने कोणी मरत नाही, असे ते सांगतात. सगळे डबे झाकणांसकट त्यांना परत करावेत.

६. सभासद गेली, तर प्रेत उचलण्याआधी फंडाची मदत तिच्या घरातल्या बाईच्या हातात सगळ्यांसमोर द्यायची, असा आमचा नियम आहे. पुरुषांच्या हातात का नाही, ते आमच्या बायांना सांगावे लागत नाही. माझ्या वेळी काही जणी म्हणतील, चोराच्या घरी कशाला? नियम मोडू नये. दुकान बुडाले आहे, करिष्माला आणि नातीला, खुशीला, त्या पैशाची गरज पडेल. मदत घेऊन कांताबाईनेच यावे. दुर्गेश तिथेच तिरडीपाशी उभा असेल. त्याला कोणी काही बोलू नये. बाहेर जाऊ मात्र देऊ नये.

लिहिलेले दोनदा वाचले. एक अक्षर बदलायचे नाही.

सही: शामला मारोतराव ठवकर

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळायचे नाही:
१. शोभाताई गिरडकर, निवृत्त अंगणवाडी सेविका, पारडी (सही)
२. रुपराव चाफले, शिंपी, पारडी (सही)

ठिकाण: नागपूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५