डोकं कोणापुढे ठेवायचं

१२ ऑक्टोबर
काय ही फजिती! राउशानआपांच्या नातवाने पहिलं पाऊल टाकलं म्हणून जेवण होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या त्या. त्यांचे यजमान सागिंतायकाका मेंढ्याचं उकडलेलं डोकं घेऊन आले आणि थेट माझ्यापुढे ठेवलं! ज्याचे वडील हयात आहेत त्याने ते घ्यायचं नसतं, हे आम्हा कझाकांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
म्हणालो, "काका, वडील आहेत माझे. आके गावी असतात, सारकांदला."
आपा कानकोंड्या झाल्या. "अरे, इतकी वर्षं शेजारी बसतोस, एकदा तरी वडिलांचं नाव काढायचंस! आम्हाला वाटलं..."
डोकं शेजारच्या म्हाताऱ्यांकडे सरकवलं.

१३ ऑक्टोबर
आकेंना फोन केला. खूप हसले. "जिवंतपणीच घालवलंस की मला! लहानपणी डोक्याचा कान कापून तुलाच द्यायचो, पोरगं ऐकेल म्हणून. ऐकलंस कुठे?"
मग सहज म्हणाले, हिरड्यांतून रक्त येतं. अंगावर निळे डाग उठतात.

२ नोव्हेंबर
रक्ताचा कॅन्सर. अल्माटीला आणलंय. दुसऱ्याच्या हाडातली मज्जा मिळाली तरच आशा. मी एकुलता एक.

९ नोव्हेंबर
आकेंनी विचारलं, "तू दिवसभर त्या नळ्यांत बघतोस तरी काय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा!
सांगितलं — अंगात पहारेकरी पेशी असतात. जंतू सापडला की त्याचा चुरा करतात, एक तुकडा ताटात घालून टी-पेशीपुढे धरतात. टी-पेशी तुकडा बघते, ताटही बघते. ताट घरचं असलं तरच तुकड्याचं मनावर घेते. ताटच परकं दिसलं तर बिथरते, मारायला उठते.
"कझाकच म्हणायची! ताट बघितल्याशिवाय हात लावत नाही. मग आपली ताटं जुळतात का?"
"अर्धी. तुमची अर्धी माझ्याकडे आलीच नाहीत."
"घरी येशील तेव्हा देईन म्हटलं होतं. तू आलास कुठे!"
हसलो दोघं. घरी आल्यावर रडलो.

१४ डिसेंबर
मज्जा दिली. कंबर ठणकते आहे. बरं वाटतंय!

३ जानेवारी
मज्जा रुजली, नवं रक्त बनायला लागलं — माझं! काचेपलीकडून फोनवर आके म्हणाले, "आता मलाही इंग्रजी यायला लागेल बघ."

१९ जानेवारी
तळवे लालभडक. अंगभर पुरळ. डॉक्टरीणबाई समजावायला लागल्या, मी थांबवलं. मला काय सांगता? जन्म गेला माझा यात. माझ्या टी-पेशींनी त्यांच्या घरातली ती अर्धी ताटं पाहिली आणि परकी ठरवली. त्यांच्याच घरात शिरून!
औषधं देताहेत, माझ्या पेशींना आवरायला.
आकेंना सांगावंच लागलं. म्हणाले, "पोरं तापट आहेत तुझी. तुझ्यावरच गेलीत." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी
कातडी सोलून निघते आहे. जुलाब थांबत नाहीत. काचेला हात लावून उभा राहतो, त्यांना हात उचलवत नाही.
राउशानआपांचा फोन घेतला नाही. काय सांगू? घरी येतो, चहा करतो, तो तसाच गार होतो. फार एकटं वाटतं. प्रयोगशाळेतल्या पेशींकडे बघवत नाही.

२२ मार्च
नौरोज. आपांनी ओढून घरी नेलं. सागिंतायकाकांनी डोकं माझ्यापुढे ठेवलं.
सरकवलं नाही. कान कापून त्यांच्या नातवाला दिला.