जायची तारीख

ओरोस,
३ फेब्रुवारी २०२५

चि. गौरजास गुरुदासकाकाचे अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात तू येणार म्हणून कावेरीवहिनीने लेकीसाठी नवी गादी भरून घेतली आहे. इकडे माझ्या कानावर येतंय की त्या शांतिसेनेत आणखी सहा महिने राहण्याचा अर्ज तुझ्यापुढे ठेवलाय. खरं काय? तुझ्या पत्रांत नुसतं ऊन आणि डाळभात. लष्करातली डॉक्टर इतकी निवांत असते यावर माझा विश्वास नाही.

तीस वर्षं इतिहास शिकवला. परमुलखात शांततेसाठी फौज गेली म्हटलं की मी विचारतो, बोलावलं कोणी आणि तिथल्या जमिनीखाली काय आहे? लांब कशाला, आपल्या गावचं देऊळ बघ. पालखीच्या मानावरून दोन घराणी भांडली, दोन दिवसांसाठी म्हणून पोलीस आले, आणि सरकारी कुलूप चार वर्षं तसंच आहे. सही करू नकोस.

लोभ आहेच, तो राखून खरं लिही.
गुरुदासकाका

छावणी,
२६ फेब्रुवारी

ती. काकांस गौरजाचा शि. सा. न.

तुमच्या संशयापुढे आमचं हेरखातं काहीच नाही! अर्ज खरा आहे. बोलावलं इथल्या सरकारने, पण अर्धा देश त्या सरकारला मानत नाही. जमिनीखाली काय आहे ते आम्हाला कोण सांगणार?

लिहिलं नव्हतं ते लिहिते. जानेवारीत इथल्या बाजारात गोळीबार झाला. बायका मुलांना घेऊन आमच्या गेटशी आल्या. वरून हुकूम येईपर्यंत उघडायचं नाही, असं साहेबांनी सांगितलं. हुकूम यायला पन्नास मिनिटं लागली. मी आत, औषधांची पेटी घेऊन उभी. काही जणी तोवर गेटबाहेरच मेल्या. वाचलेली एक म्हणाली, तुमचा झेंडा दिसला म्हणून रानात लपलो नाही. काका, मला फार लाज वाटली.

तीनशे जण आता कुंपणाच्या आत आहेत. मी निघाले तर दुसरा येईपर्यंत दोन महिने त्यांना डॉक्टर नाही. त्या दिवशी आपल्या देवळात पोलीस आले नसते तर काय झालं असतं? तुम्ही म्हणाल तसं करीन.

आईला यातलं काही कळवू नका. तुमची माया अशीच खोचक राहो.
गौरजा

ओरोस,
१९ मार्च

चि. गौरजास आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पोलीस आले नसते तर तुझ्या बाबांच्या मानेवर कोयता बसला असता. मी समोर होतो. पोलिसांना अर्ज मीच लिहिला, गुरवाच्या हातून पाठवला, आणि पुढे चार वर्षं कचेरीच्या नावाने बोटं मोडली. तो धोंडू गुरव परवा स्टँडवर भेटला, म्हणाला की मास्तर, तुमचो कागद गेलो नि माझो देव कुलपात पडलो.

घरी येऊन अर्जाची प्रत काढली. ताबडतोब यावे, असं दोनदा लिहिलंय. परत केव्हा जावे, कुलूप कोणी उघडावे, याची एक ओळ नाही. अक्षर मात्र झकास.

तेव्हा सही कर. पण जायची तारीख आणि तुझ्यामागून येणाऱ्या डॉक्टरचं नाव आधी लिहून घे. गेट उघडायला वर विचारायचं नाही, हेही घे. लिहून देत नसतील तर त्यांच्या हेतूबद्दल माझा संशय कायम. तरी तू थांब. त्या बायका तुमचा झेंडा बघून आल्या होत्या.

उद्याच्या एसटीने गावी जातो. तू मे महिन्यात येत नाहीस आणि ते माझ्या सांगण्यावरून, असं वहिनीला सांगेन. बोलणी मी खाईन. पण पोरगी सुखरूप आहे ना, असं तिने विचारलं तर काय सांगू, ते मला अजून सुचलेलं नाही.

जिवाला जप, एवढीच मागणी.
तुझा गुरुदासकाका