बाईंचा इंग्रजी शब्द

बाई, काल माझ्या लेकीने मोबाईलवर तुमचा शब्द शोधून काढला. जेस्टिक. म्हणजे अंगाच्या हालचालींचा, त्यातही नाचातल्या हावभावांचा. आता तो फारसं कोणी वापरत नाही, असंही तिने वाचून दाखवलं. मी कणीक मळत होते, हात तसेच परातीत राहिले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तो शब्द तुम्ही वेळ मारून न्यायला मनानेच बनवला होता.

तुम्ही चौसाळ्याला आमच्या घरी आलात तेव्हा मी नववीत होते. शाळेच्या गॅदरिंगला मी एकटीने नाचावं, हे तुमच्या मनात. आमचे अण्णा गावचे पुढारी. त्यांची पोर स्टेजवर नाचणार, हे तोंडातून काढायची सोय नव्हती. मी दाराआड उभी. आणि तुम्ही कपबशी खाली ठेवून सरळ म्हणता, "ती जे करणार आहे ना, त्याला इंग्रजीत जेस्टिक म्हणतात." अण्णांना इंग्रजीचं भारी अप्रूप. "इंग्रजीचं हाय व्हय? मग करू द्या की," म्हणाले.

अण्णा बघायला येतील असं तुम्हाला तरी कुठे वाटलं होतं? चार माणसं घेऊन ते पहिल्या रांगेत बसले. पडद्याच्या फटीतून त्यांची टोपी दिसली आणि मी तुमचा पदर ओढला. "बाई, अण्णा आलेत. आता वं?" तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत. "बोटांकडं बघ. खाली बघू नको." गाणं सुरू होतं. मी बोटांकडे बघते. मध्येच खाली नजर जातेच, आणि अण्णा उठून उभे राहिलेले दिसतात. सगळी रांग त्यांच्याकडे बघतेय. मी थांबत नाही. गाणं संपेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि मी नाचत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात ते तुम्हाला म्हणाले, "बाई, चार मानसांत नाक कापलं आमचं. नाच हाय म्हून कावून सांगितलं न्हाई?" त्यांनी माझ्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं. ती शाळा तिथेच सुटली आणि पुढच्याच उन्हाळ्यात मी लग्न होऊन नांदूरघाटला आले. तुम्ही वारल्याचा निरोप आला तेव्हा मी शेवटचं बघायलाही आले नाही. खोटं बोलून माझी शाळा घालवलीत, असा राग होता.

आता शब्दच खरा निघाला. तुम्ही खोटं बोलला नाहीत, फक्त अण्णांना कळणार नाही असं खरं बोललात. त्याने माझी शाळा काही परत येत नाही, म्हणून राग अजून आहे, बाई. हे लिहून झालं की कागद चुलीत घालणार आहे, तेव्हा सांगूनच टाकते. ते गाणं परत दे आणि शाळा घे, असं कोणी म्हणालं, तर मी देणार नाही. आणि लेक यंदा दहावीला आहे. तिने नाचाचं नाव काढलं की मीच तिच्यावर ओरडते.