लाल झेंड्यावरचं ठिगळ

बर्लिन, १२ मार्च १९३३

प्रिय आईस, तुझ्या तापट आन्टोनचा नमस्कार.

मी ठीक आहे. कॉलेज सोडलं तरी उपाशी नाही, बटाट्याचं सूप रोज मिळतं. तुझा खोकला कसा आहे?

काल हेट्टीकडे गेलो होतो. मंदीत कारखाना बुडाल्यापासून तिचे वडील तीन वर्षं घरी बसून होते. तेव्हापासून त्यांच्या खिडकीत कम्युनिस्टांचा लाल झेंडा असायचा. कापड अजून तेच आहे, पण विळा-हातोडा उसवून हेट्टीने त्या जागी नाझींचं स्वस्तिक शिवलंय.

माझं डोकंच फिरलं. "काका, लाज नाही वाटत?"

"लाजेचं सूप होतं का रे? त्यांनी मला काम दिलं. तूही त्यांचा तपकिरी सदरा घाल, तुलाही देतील. नाहीतर हेट्टीला विसर."

मी दार आपटून निघालो. हेट्टी जिन्यात मागे धावत आली. "एक सदराच तर आहे, वेड्या. मीच शिवेन." तिने गळ्यातली माप घ्यायची टेप काढली आणि म्हणाली, "हात वर कर."

आई, मी केला गं.

बाबांना हे शेवटचं वाचून दाखवू नकोस.

तुझाच,
आन्टोन