घोडा डाव्या बाजूनं

६ जानेवारी, मंगळवार

डॉ.कडे जाऊन आलो. ह्यांचं हृदय आता ठीक चाललंय म्हणाले. रोज फिरायला जा, पायऱ्या चढा, काही हरकत नाही. फक्त बस चालवायची नाही, कधीच नाही. ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

डेपोनं चौकशीच्या खिडकीवर काम देऊ केलंय. नको असेल तर स्वेच्छानिवृत्ती. फेब्रु.च्या पहिल्या आठवड्यात काय ते कळवायचं. ह्यांचं एकच पालुपद: "जन्मभर गाडी चालवली, आता गाड्या कुठं चालल्यात ते लोकांना सांगत बसू?" बरं, मग निवृत्ती घ्या. त्यावर नुसती कूस बदलली.

रात्री अर्धी भाकरी खाल्ली. मला राग येतो, आणि रागाच्या खाली नुसती भीती आहे. हा माणूस असाच पडून पडून संपून जाईल, ही भीती. शाळेत दुसरीच्या पोरांवर उगाच खेकसले आज.

८ जाने.

मनूचा पुण्याहून फोन. "पप्पा काय करतायत?" म्हटलं, पंखा बघतायत. थंडीत पंखा बंद, तरी बघतायत.

म्हणाली, माझं गेमचं मशीन कपाटात पडलंय, ते टीव्हीला लाव. म्हटलं, वय काय त्यांचं, खेळतात काय! तर म्हणे, "आई, बाहेर फिरायला येत नाहीत ना? मग घरात बसून फिरू दे."

बाहेर का येत नाहीत ते मला ठाऊक आहे. कॉलनीत पाय ठेवला की जो तो विचारतो, "काय साहेब, गाडी कधी चालू करताय?" चांगल्या मनानंच विचारतात, पण ह्यांचा चेहरा बघवत नाही.

११ जाने., रवि.

वायरी जोडण्यात सकाळ गेली. माझ्या डोक्यात भन्नाट कल्पना: बस चालवायची गेम! मीच शोधली, मीच मनूकडून पुण्याहूनच मशीनमध्ये घालून घेतली. वाटलं आता शाबासकी मिळणार.

कुठलंतरी परदेशातलं शहर, गाड्या उजव्या बाजूनं. पहिल्याच स्टॉपवर काहीतरी चुकलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. हे म्हणाले, "इथं पण मेमो?" रिमोट (मनू कंट्रोलर म्हणते) खाली ठेवला. परत कॉट, परत भिंत.

जिथं दुखतं तिथंच नेमकं बोट घातलं मी. अक्कल गहाण टाकली होती.

१३ जाने.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये फोनवर शोधाशोध. मनू म्हणते बस विसर, ओपन वर्ल्ड आरपीजी शोध. म्हणजे आपण त्यातला एक माणूस व्हायचं, आपल्या मनासारखं वागायचं, आणि सगळं जग मोकळं. याद्यांवर याद्या निघाल्या. प्रत्येक चित्रात कुणीतरी तलवार उपसून उभा.

माझ्या अटी मनूला कळवल्या. घड्याळ नको. पाठीमागं लागणारं कुणी नको. मरणं फार नको. आणि हे कर, ते कर म्हणून सांगणारा साहेब नको.

ती म्हणाली, "अशी नोकरी मिळाली तर मला पण सांग."

१४ जाने.

शेजारणी तिळगूळ देऊन गेल्या. साहेब कुठायत? म्हटलं झोपलेत. खरं तर आत एका राक्षसाचा मार खात होते.

तलवारवाली गेम बाद. हे बिचारे मागं मागं सरत होते. "माझं ह्याच्याशी काही भांडण नाही, मग हा मला का मारतोय?" बंद केली. पण जेवताना आपणहून बोलले, मागचे डोंगर बरे होते. तिकडं जाऊ देत नव्हते.

आपणहून बोलले. मी लगेच मनूला मेसेज केला: डोंगर पाहिजेत.

१७ जाने., शनि.

आता बर्फवाली गेम. हिच्यात डोंगर आहेत, जाऊही देतात. पण गावोगाव एकेक म्हातारा उभा. माझी शेळी हरवली, आण. डोंगरावरून पाला आण. हे दिवसभर लोकांच्या शेळ्या शोधतायत. संध्याकाळी म्हणाले, "ड्युटी बरी होती."

म्हटलं, नका करू ना त्याचं काम, कुणी फाशी देणार नाही. तर म्हणे, "मग तो तिथंच उभा राहील ना थंडीत." ह्याच माणसाशी मी लग्न केलंय. ही पण बाद. मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या.

१८ जाने., रवि.

सापडली बहुतेक. कुणीतरी खाली अभिप्राय लिहिला होता, काहीएक न करता नुसतं हिंडायला आवडणाऱ्यांसाठी. तेवढं वाचलं आणि मनूला म्हटलं, हीच घाल. नाव अवघड आहे, मी गवतवाली म्हणते.

आधी आपला माणूस बनवायचा. मनू फोनवरून, "पप्पा, केस हिरवे घ्या!" ह्यांनी पांढरे घेतले, मिशी लावली, पोट थोडं कमी ठेवलं. पुढं गेल्यावर एक घोडा मिळाला. समोर नुसतं गवत, टेकड्या, लांबवर पाणी. कुणी काही सांगेना.

"कुठं जायचं?"

"कुठंही."

"म्हणजे कुठं?"

इथं गाडं अडलं. घोडा घेऊन नुसते उभे. मग एक मातीचा रस्ता दिसला, तसे लगबगीनं त्याच्यावर गेले आणि डावी बाजू धरून निघाले. मी चहा ठेवायला उठले.

२१ जाने.

रोज खेळतात. पण काय खेळतात! ह्या गावाहून त्या गावाला, रस्त्यानंच. गावात थांबायचं, जरा वेळ काढायचा, घोडा वळवायचा, परत. घोडा डाव्या बाजूनं. वळण आलं की अंगठा हॉर्न शोधतो. सगळ्या जगाचं मैदान मोकळं दिलं आणि ह्या गृहस्थांनी त्यात आपल्या बसची पेठची फेरी सुरू केली.

मनू हसून हसून बेजार. "पप्पा, नदीतून जा, डोंगरावरून जा, घोडा कुठूनही जातो!"

"मग रस्ता काय उगाच केलाय लोकांनी?"

म्हटलं चालू दे. भिंतीपेक्षा बरं.

२४ जाने., शनि.

गांगुर्डेभाऊ आले. ह्यांचे कंडक्टर, इतकी वर्षं एका गाडीवर. दिंडोरीच्या शेतातली द्राक्षं घेऊन आले, लगेच टीव्हीपुढं फतकल मारली.

"ड्रायव्हरसाहेब, त्यो बघा, झाडाखालचा, हात करतोय. घ्या की त्याला!"

"घोड्यावर एकच सीट हाय."

"मंग उभा राहील!"

दोघं असे हसले, असे हसले की ह्यांना ठसका लागला. नोव्हेंबरातल्या दुखण्यानंतर हसू पहिल्यांदा ऐकलं ह्या घरात. मी ओट्याशी तशीच उभी राहिले.

मग भाऊ म्हणाले, "खिडकीवर या ना. तुमच्याबिगर लय ओकं वाटतंय डेपोत." झालं. हसू गेलं, हे परत घोड्याकडं वळले.

जाताना दारात मला हळूच म्हणाले, "वैनी, त्या दिवशी सावळघाटात छातीत कळ आली तरी गाडी कडंला घेतली, हँडब्रेक ओढला, मंग स्टेअरिंगवर पडले. गाडीतल्या एका माणसाला खरचटलं नाय. आन् हे मला काय म्हणत्यात? गांगुर्डे, मी लोकांना अर्ध्या वाटेत सोडलं."

मला हे कधी सांगितलं नाही. बायकोला नाही, कंडक्टरला. भाऊ गेल्यावर आत येऊन पाहिलं तर हे घोड्याची फेरी पुरी करत होते, अगदी मन लावून. मग मात्र मला हसू येईना. मोरीत जाऊन रडून घेतलं.

२६ जाने.

झेंडावंदन करून आले. घरात तीच फेरी चालू. दोन दिवस मनात साठलेलं बाहेर आलं. "द्या इकडं तो रिमोट."

"तुला येत नाही."

"येत नाही कारण तुम्ही कधी शिकवलं नाही. स्कूटीला पण हात लावू दिला नाहीत."

हिसकावूनच घेतला. कुठलं बटण दाबलं कोण जाणे, घोडा रस्ता सोडून उतारावरून सुसाट. हे पार उभे राहिले. "अगं ब्रेक! ब्रेक मार!"

"घोड्याला ब्रेक कुठाय?"

घोडा नदीत! मी डोळे मिटले. उघडले तर तो पोहत होता. पलीकडच्या काठाला लागला, अंग झाडलं, उभा राहिला. तिथं सगळी पांढरी फुलं. मागं एक तळं, त्याच्यावर डोंगर. ह्या जागेचा ह्यांना पत्ताच नव्हता, अलीकडच्या रस्त्यावरून इतक्या फेऱ्या मारूनही.

"कुठं आलो आपण?"

"मला काय माहीत."

"परत कसं जायचं आता? फेरी अर्धी राहिली."

तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, राहू द्या अर्धी! त्या दिवशीची पण राहू द्या. सगळी माणसं सुखरूप घरी गेली, तुम्ही पण आलात. मला तुम्ही पाहिजे होतात, मला मिळालात. फेरीचं काय घेऊन बसलात?

मला वाटलं आता निघून जाणार. गेले नाहीत. खाली बसले, चष्मा पुसला. म्हणाले, "त्या तळ्याला वळसा घाल. डावीकडनं."

घातला.

२९ जाने.

रस्ता सुटला! दोन दिवसांत ह्यांनी एक पडकी गढी, एक धबधबा आणि एक उलटी झोपलेली बोट शोधलीय. रिमोटवरून भांडणं. मी शाळेत असताना पुढं जायचं नाही असं ठरलंय, हे पाळत नाहीत. मनूला फोनवर दरीचं वर्णन असं करतात की पोरगी म्हणते, मला पण यायचंय.

संध्याकाळी गच्चीवर गेले. आपल्या पायांनी, पायऱ्या चढून. खालून कुणीतरी विचारलंच, काय साहेब, गाडी कधी? हे वरून म्हणाले, "नाही आता. बंद झाली." एवढंच. आवाज अगदी साधा होता.

मग मला म्हणाले, "पेठच्या रस्त्याला घाट संपला की डाव्या हाताला एक फाटा आहे. इतकी वर्षं बाहेरून गेलो. आत काय आहे कधी बघितलं नाही."

मी दोरीवरचे कपडे काढत राहिले. बोलले असते तर विस्कटलं असतं.

३१ जाने., शनि.

डेपोत येत्या आठवड्यात कळवायचं आहे. भाऊंचा फोन, काय ठरलं? हे म्हणाले, "उद्या सांगत नाही. उद्या बाहेर जायचंय." मला न विचारता! मी लगेच चटणी-भाकरीच्या तयारीला लागले.

१ फेब्रुवारी, रवि.

आजचं शेताच्या बांधावर बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येणार.

सकाळच्या पेठ गाडीला बसलो. ड्रायव्हरनं ओळखलं. "साहेब, पुढं या, केबिनीत." हे म्हणाले, "नको, खिडकी बरी आहे." तिकीट काढलं. वर्षानुवर्षं ह्या रस्त्यावर जाऊन आलेला माणूस, डाव्या बाजूची झाडं आज पहिल्यांदा बघत होता. पण उजवा पाय काही ऐकेना. प्रत्येक वळणाला ब्रेक दाबतोय खालच्या पत्र्यावर.

घाट लागला तसे पुढच्या सीटचा दांडा धरून बसले. मी पण. एका वळणावर नुसतं म्हणाले, "इथं." मी हात धरला. गाडी कण्हत कण्हत वर चढली, वळण मागं पडलं, माथा आला. तेव्हा हळूच म्हणाले, "एवढंच राहिलं होतं."

मी खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे त्यांना डोळे पुसता येतील.

फाट्यावर उतरलो तर कंडक्टर म्हणतो, "साहेब, हितं कुठं? हितं काय नाय." हे म्हणाले, "बघू की." गाडी गेली. धूळ बसली. आत एक पायवाट, नागलीची कापून झालेली शेतं, पुढं चढ. मी म्हटलं, दमानं, डॉ.नी सांगितलंय. दमानंच चाललेत. मीच दमले, म्हणून बसले.

डेपोतल्या खिडकीचं काय, निवृत्तीचं काय, अजून विचारलेलं नाही. विचारावं लागेल, डेपो काही थांबणार नाही. काय म्हणतील मला खरंच माहीत नाही. पण आज पहिल्यांदा वाटतंय की जे काही सांगतील ते उभं राहून सांगतील.

वरून हाक मारतायत. "अगं ये लवकर!"

"काय दिसतंय?"

"अजून एक टेकडी!"