बी.टी.ची एकच जागा

सोमवार, ११ एप्रिल १९५५. सकाळी ६.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात, मीही ठेवायला हरकत नाही.

शनिवारी हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. वरून सर्क्युलर आलंय. जो शिक्षक ट्रेंड नाही, म्हणजे बी.टी. ही शिक्षकी पदवी ज्याच्याकडे नाही, त्याला यापुढे कायम करता येणार नाही. मुंबईच्या ट्रेनिंग कॉलेजात बी.टी.साठी आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या वाट्याला एकच जागा आहे. अर्ज कुणीही करावा, निवड कॉलेज करील.

मी सहा वर्षं टेंपररी. इतिहास-भूगोल. माझ्याइतका जुना अनट्रेंड माणूस शाळेत दुसरा नाही. तेव्हा जागा कुणाची हे उघड आहे. हेडमास्तरांनी बोलून दाखवलं नाही इतकंच.

आजपासून रोज पहाटे चारला उठणे, दोन तास वाचन, चहा बंद.

दुपारी ४. चहा घेतला. एकदम बंद केला तर डोकं धरतं, असं शेवंतीचं म्हणणं. शेवंती म्हणजे आमची मंडळी. तिचं मन मोडवलं नाही.

बुधवार, १३ एप्रिल.

फॉर्म आला. जयाबाईनेही मागवलाय. ही पोरगी दोन वर्षांपूर्वी शाळेत लागली. आवाज बारीक, स्वभाव गरीब. बी.ए.ला सेकंड क्लास आहे म्हणतात. (माझा थर्ड. पण त्या वर्षीचे पेपर कठीण होते.) तिने मला विचारलं, सर, 'शिक्षक का व्हायचं' या रकान्यात काय लिहू. मी मधल्या सुट्टीत सुरुवात केली ती पुढचा तासही त्यातच गेला. माझा वर्ग तेवढा वेळ शांत होता, कारण मैदानावर होता.

एवढं ऐकून तिने एकच ओळ लिहिली. मला तिची कीव आली. माझ्या स्वतःच्या उत्तराला रकाना पुरला नाही, चार पानी जोडपत्र लावलं.

मंगळवार, १९ एप्रिल. पहाटे ७.१०.

गजर चारला झाला होता म्हणे. शेवंतीने बंद केला, कारण त्याने शेजारच्या रखमाबाई उठल्या आणि मी उठलो नाही. शेजारी असे असल्यावर अभ्यास कसा होणार. उद्यापासून पाच.

शनिवार, ७ मे.

सुट्टी लागली. आता अभ्यासाला आडकाठी नाही. टाइमटेबल केलं, लाल-निळ्या पेन्सिलीने. करण्यात दिवस गेला. छान झालंय.

शुक्रवार, २० मे. दुपारी.

पत्र आलं. बुधवार ८ जून, दुपारी अडीच वाजता, ठाण्यात खाडीकाठच्या एका शाळेत नमुना पाठ. इयत्ता पाचवी. वेळ अर्धा तास. विषय: भरती-ओहोटी. समोर दोन परीक्षक.

जयाबाईलाही हेच पत्र. तिचा पाठ त्याच दिवशी दुपारी बारा वाजता, दुसऱ्या वर्गावर. म्हणजे माझ्या आधी. परीक्षकांना आधी ती दिसेल आणि मग मी. ज्यांनी वेळापत्रक केलं त्यांचा कल यावरून कळतो.

बसवत नाही. खोलीत येरझारा घातल्या. वरून घरमालकीण सखुबाईंनी विचारलं, मास्तर, काय हरवलं काय.

रविवार, २२ मे.

पाठ डोक्यात तयार आहे. पुस्तकात चंद्र, त्याचं आकर्षण वगैरे भानगड दिलीय. पाचवीला ती झेपणार नाही, गाळली. मी सुटसुटीत केलं: भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, ओहोटी दुपारी बाराला आणि रात्री बाराला. मुलांना जन्मात विसरायचं नाही. शिवाय पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ करणार, काटे फिरणारे.

संध्याकाळी घरमालक काळुरामशेट ओट्यावर बसले होते. खाडीवर त्यांचं मिठागर आहे, चार पिढ्यांचं. विषय ऐकून म्हणाले, मास्तर, आगरावं या की एक दिस. पानी कसा भरतं नं कसा सुकतं, पुस्तकान काय दिसनार. पुढच्या पुनवंला रविवार हाय, उधान येल, तवाच या.

बघू म्हटलं. माणूस प्रेमळ आहे, पण शाळेत गेलेला नाही. त्याला मेथड म्हणजे काय हे कसं समजावणार.

शुक्रवार, २७ मे.

घड्याळ झालं. शेवंतीला वर्ग समजून पहिली तालीम घेतली. पाच मिनिटांत वर्गाने विचारलं की अहो, आमच्या गावी भाऊ तिथी बघून होडी काढायचा, रोजच सहाला पाणी येत असतं तर तिथी कशाला बघितली असती. मी सांगितलं, वर्गात मध्ये बोलायचं नसतं. वर्ग उठून भाजी निवडायला गेला.

शेवंती रत्नागिरीकडची. तिथलं पाणी वेगळं असेल.

तालमीत एक त्रुटी राहिली: मुलं काय बोलतील ते आधी ठरवून ठेवलं पाहिजे. म्हणून पाठ असा लिहिला की मुलं पहिल्यांदा चुकतील, मी हसेन, घड्याळ फिरवेन, मग मुलं बरोबर सांगतील. मुलांचीही वाक्यं लिहिली. एकूण बावीस.

रविवार, ५ जून. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी.

दिवस धावपळीत गेला. पाठाला कोट हवा. साडू गुणाजी मोहने गावच्या रेयॉनच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे लग्नातला काळा कोट. काळुरामशेटनी सकाळी हाक मारली होती, चला मास्तर, आज उधान, बंधाऱ्यावं उभं ऱ्हायचंय. मी म्हटलं, आज महत्त्वाचं काम आहे.

गुणाजी ड्यूटीवर. त्याच्या दारात तीन तास बसलो. बसलो म्हणजे उठलो, फिरलो, परत बसलो. कोट मिळाला. बाह्या बोटांपर्यंत येतात, पण रुबाब येतो.

परत आल्यावर कळलं, मी निघाल्यावर जयाबाई मला काही विचारायला आली होती, ती वही घेऊन काळुरामशेटबरोबर आगरावर गेली. अख्खी भरती होईपर्यंत बंधाऱ्यावर उभी राहिली, बांबूवर पाण्याच्या खुणा करत होती. गुडघ्यापर्यंत चिखल. सखुबाईंनी तिला पाय धुवायला पाणी दिलं. पोरीला कुणी मार्गदर्शक नाही. पाठाला तीन दिवस राहिलेले आणि ही बांबू मोजतेय.

बुधवार, ८ जून. सकाळी ५.

आपोआप जाग आली. साडेतीनपासूनच आहे. आज सगळं ठरायचं. कायम झालो तर शेवंतीला सांगून टाकीन की आता काळजी करू नकोस. सहा वर्षांत हे वाक्य एकदाही म्हणता आलेलं नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.

पाठ उत्तम झाला. तपशील लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर. खिडक्या खाडीवर. परीक्षक एक वयस्कर गृहस्थ आणि एक चष्मेवाल्या बाई. मी कोट सावरला, घड्याळ टांगलं आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, मुलांनो, भरती केव्हा येते? ठरल्याप्रमाणे मुलांनी चुकायचं होतं.

मधल्या बाकावरची एक मुलगी उठली. नाव तुळसा. तिने विचारलं, कंच्या दिवशीची, गुरुजी? असं वाक्य माझ्या बाविसात नव्हतं. मी म्हटलं, कुठल्याही. ती म्हणाली, तसा नसतं गुरुजी, पानी रोज उशिरा भरतं, रोज दोन घटका. आज तीज हाय, तीनच्या सुमाराला भरंल.

मी काटे सहावर नेले आणि सगळ्यांनी इकडे बघा म्हटलं. कुणी बघितलं नाही. निम्मा वर्ग कोळीवाड्यातला नाहीतर मिठागरावरचा. एक जण म्हणाला, बा सकाळी आठलाच सुकतीला (म्हणजे ओहोटीला) गेलंय. दुसऱ्याने त्याला दुरुस्त केलं, साडेआठला. मी म्हटलं, हा पाठ पुस्तकातला आहे, खाडीतला नाही.

चष्मेवाल्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि उठून खिडकीशी गेल्या. पावणेतीन झाले होते. मग वर्गही उठून खिडकीशी गेला. शेवटी वयस्कर परीक्षकही गेले. खाली पाणी धक्क्याच्या वरून दुसऱ्या पायरीला लागलं होतं. तीन वाजता ते वरच्या पायरीवर आलं आणि थांबलं. परीक्षकांनी तुळसाला दहा मिनिटं प्रश्न विचारले: उधाण कधी, भांग (म्हणजे लहानात लहान भरती) कधी, चंद्र त्या वेळी कसा असतो. तिने सगळं सांगितलं. मी पुठ्ठ्याच्या घड्याळापाशी उभा होतो. मला कुणी हलवलं नाही.

मला परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नाही. पूर्ण समाधान झालं असल्याशिवाय असं होत नाही. शिवाय मुलं इतकी बोलकी झाली, याचं श्रेय शिक्षकाचंच.

शेवंतीला एवढंच सांगितलं की वर्ग जिवंत होता.

गुरुवार, १६ जून.

जयाबाई.

त्याच दिवशी. नंतर.

कारणं पुष्कळ आहेत. कोटाच्या बाह्या. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, दम लागतो. खाडीसमोरची शाळा देणं हाच मुळात अन्याय, एखादी डोंगरातली शाळा दिली असती तर मग बघितलं असतं.

स्टेशनपर्यंत जाऊन आलो. परत गेलो. परत आलो. शेवंतीने दार उघडं ठेवलं होतं. तिने विचारलं, मग आता कायम केव्हा? आवाजात राग असता तर मला बोलता आलं असतं. राग नव्हता. मी म्हटलं, बघू. ती बरं म्हणाली आणि ताट वाढलं.

शुक्रवार, १७ जून.

जयाबाई पेढे घेऊन आली, मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, सर, तुम्ही त्या दिवशी फॉर्मसाठी इतका वेळ दिलात. खोटं बोलत नव्हती, हेच जास्त लागलं.

काळुरामशेटनाही पेढा दिला. मला उगाचच त्यांचा राग आला.

सोमवार, ४ जुलै.

हेडमास्तरांना स्पष्ट सांगितलं, मी गेलो असतो तर इतिहास-भूगोलाचं नुकसान झालं असतं, झालं ते शाळेच्या भल्याचंच झालं. ते म्हणाले, बरं झालं आठवण केलीत, जयाबाईंचे गणिताचे तासही तुमच्याकडे घ्या.

संकल्प: पुढच्या वर्षासाठी आतापासून तयारी. पहाटे पाच. टाइमटेबल नवं करायला हवं, लाल पेन्सिल संपलीय.

शनिवार, २७ ऑगस्ट.

पेन्सिल आणायची राहिली.

बुधवार, २८ सप्टेंबर. संध्याकाळी.

कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सरावाचे पाठ द्यावे लागतात. जयाबाईने त्यातला एक आमच्या शाळेत मागून घेतला. वर्ग माझा, पाचवी. नियम असा की वर्गशिक्षकाने मागे बसून बघायचं. मी शेवटच्या बाकावर बसलो. गुडघे बाकात अडकत होते. मनाशी ठरवलं होतं, चुका टिपून ठेवायच्या आणि नंतर प्रेमाने सांगायच्या. कागद-पेन्सिल घेऊन गेलो होतो.

पाठ दिशांचा. चार वाजले होते. मुलांच्या उजव्या हाताच्या खिडकीतून ऊन थेट आत आलेलं, खिडकीकडची रांग वह्या डोळ्यांवर धरून बसलेली. जयाबाईने विचारलं, ही खिडकी कुठल्या दिशेला? चाळीसच्या चाळीस मुलं एका सुरात म्हणाली, पूर्वेला. माझा वर्ग इतका एकजुटीने बोलताना मी कधी ऐकला नव्हता. अभिमान वाटला. अर्धा मिनिट.

मग तिने विचारलं, सूर्य आता कुठे दिसतोय. खिडकीत. संध्याकाळी सूर्य कुठे जातो. पश्चिमेला. मग खिडकी कुठे? मुलं थांबली. एकमेकांकडे बघितलं. आणि डोळे मिचकावत, उन्हाने घामाघूम होत म्हणाली, पूर्वेला. कलावती म्हणून एक हुशार मुलगी आहे. ती उभी राहून समजावून सांगू लागली: बाई, उजव्या हाताला नेहमी पूर्व असते. सरांनी सांगितलंय. नकाशात बघा ना.

सांगितलंय. सहा वर्षं सांगतोय. फळ्यावर नकाशा टांगायचा आणि उजवीकडे बोट करायचं, पूर्व. खिडकीकडे कधी बघितलंच नाही. दर वर्षी चाळीस मुलं. डोळ्यांवर ऊन येत असताना त्यांनी माझं खरं मानलं.

जयाबाई माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिने बघितलं नाही. सर सांगतात ते कागदावर बरोबर आहे, म्हणाली, आता कागद जमिनीवर ठेवून बघू. नकाशा भिंतीवरून उतरवला आणि वर्ग घेऊन मैदानात गेली. मुलं नकाशा चारी बाजूंनी धरून गोल गोल फिरवत होती, सूर्याकडे बघत, परत फिरवत. कलावती सगळ्यात मोठ्याने बोलत होती. हसत होती. माझ्या तासाला तिला हसताना पाहिल्याचं आठवत नाही.

मी एकटाच बाकावर. लाज वाटली. इथे लिहितो, दुसरं कोणी वाचणार नाही. कागदावर एकही चूक टिपलेली नव्हती.

हेडमास्तर फेरीवर निघाले होते. दारात थांबले, रिकामे बाक बघितले आणि विचारलं, विठ्ठलराव, हा वर्ग कुणाचा आहे?

मी बाकातून कसाबसा उभा राहिलो आणि म्हणालो, जयाबाईंचा.